अळणी ताट

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. वंदनाला — माझ्या बायकोला — तर नाहीच नाही.

दुसऱ्या लाटेत मला कोरोना झाला होता. बुटीबोरीच्या कारखान्यात तपासणी झाली, मोबाइलवर निकाल आला, आणि मी तो पुसून टाकला. का? आठ दिवसांवर धाकट्या बहिणीचं लग्न होतं, सावनेरला. घरी म्हटलं, "ऊन लागलं मले." मृणाल, माझी मुलगी, तेव्हा सात वर्षांची, माझ्याच कुशीत झोपायची. तिलाही एक दिवस कणकण आली. तेही ऊनच — नाही का?

महिन्याभराने तिला पुन्हा ताप चढला. डोळे लाल, अंगावर पुरळ, लघवी जवळजवळ बंद. डॉक्टरांनी विचारलं, "गेल्या दोन महिन्यांत घरात कोणाला कोरोना?"

"नाही जी, कोणालेच नाही," वंदना म्हणाली. तिला तेच खरं वाटत होतं. तिने माझ्याकडे पाहिलं. मीही 'नाही' म्हणून मान हलवली. डॉक्टरांनी आणखी दोनदा विचारलं — दोनदा हलवली. बहिणीच्या सासरी कळलं तर? डोक्यात एवढंच होतं.

दोन दिवस डॉक्टर डेंग्यू, टायफॉइड शोधत राहिले. तिसऱ्या दिवशी मृणालच्या रक्तात होऊन गेलेल्या कोरोनाच्या खुणा सापडल्या; कोरोनानंतर महिन्याभराने काही मुलांना असा उलटा ताप येतो म्हणे. तेव्हा कुठे खरे उपचार सुरू झाले. ताप उतरला. किडन्यांना मार बसून गेला होता. ते दोन दिवस वाचले असते तर? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही.

"घरात कोणाला तरी झाला असणार," असंही म्हणाले.

इथवर भ्याडपणा होता. पुढचं — पुढचं मी जाणूनबुजून केलं. वॉर्डाबाहेर, माझ्या आईसमोर, वंदनाला म्हणालो, "भाजीबाजारात तूच जात होती ना वं? घे, आणला पोरीसाठी."

"म्या तं आधीच म्हटलं होतं," आई म्हणाली.

वंदना भिंतीला टेकून खाली बसली. आणि मला — कसं सांगू — हलकं वाटलं.

मृणाल आता बारा वर्षांची आहे. लघवीतून अजून प्रोटीन जातं. रोज सकाळी रक्तदाबाची गोळी, जेवण कमी मिठाचं. वंदनाने तेव्हापासून स्वतःचं मीठ साफ सोडलं. "माह्यापायीच झालं," म्हणते.

ताट वाढताना डाव्या बाजूला आधी मीठ ठेवायची आमच्याकडे पद्धत. आता तीन ताटांपैकी एकातच असतं. वंदना विसरली, तर मी मागून घेतो.