बाहेरून कुलूप

संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी सुतारकाकांनी नेहमीचा पहिला प्रश्न टाकला. "या आठवड्यात कुणी घरात हात उचलला?"

वाचनालयाच्या मागच्या खोलीत सहा पुरुष गोल करून बसले होते. काहींना कोर्टाने धाडलं होतं, काहींना बायकोने: तिथे जा, नाहीतर मी जाते.

"उचलला होता," बसड्रायव्हर म्हणाला. "पण अर्ध्यावर आठवण झाली, मग डोकं खाजवलं. बायको विचारते, उवा झाल्या का?"

हशा पिकला. काकाही हसले, मग म्हणाले, "राग कशाचा होता ते सांग. उवांचं नंतर."

कुलूपवाल्याची पाळी आली. "आठ महिने झाले काका. बोट नाही लावलं." त्याचा आवाज नेहमीसारखा थंड, नीट घडी घातलेला. बोटात चाव्यांचा जुडगा सावकाश फिरत होता. गटातला हा सगळ्यात गुणी विद्यार्थी, आणि त्याची ही शेवटची बैठक.

काकांचा धंदा दारं-खिडक्यांचा. ओलीने फुगलेलं दार वेगळं आणि लाथेने फुटलेलं वेगळं, हे कुठल्याही सुताराला कळतं. दुसऱ्या प्रकारची दारं बसवताना ते नवऱ्यांशी बोलायला लागले. काहींनी हाकलून दिलं, काही रडले. त्यातूनच हा गट उभा राहिला, त्याला आता सात वर्षं होत आली.

गटाची एक रीत होती. पुरुष इथे बसलेले असतात तेवढ्या वेळात शेजारच्या खोलीतून फोनवाल्या ताई त्यांच्या बायकांना फोन करायच्या. नवरा जवळ नसताना बाई मोकळं बोलते. ती जे सांगेल ते नवऱ्याच्या कानावर कधीही जायचं नाही, कारण त्याची किंमत तिलाच मोजावी लागते. बैठका संपल्या की फोनही बंद.

दार किलकिलं झालं, ताईंचं डोकं आत आलं. "काका, टाकी वाहतेय."

टाकी वगैरे काही नव्हती, तो दोघांचा ठरलेला इशारा होता. काका उठून बाहेर गेले.

"कुलूपवाल्याची बायको," ताई दबक्या आवाजात म्हणाल्या. "मारत नाही म्हणते. मारायची गरजच उरली नाही. बाहेर जाताना तो बाहेरून कुलूप लावतो."

"कधीपासून?"

"हात थांबला तेव्हापासून. फोनसुद्धा फक्त बैठकीच्या दिवशी हातात देतो, आपला फोन उचलता यावा म्हणून."

"मग इतके दिवस बोलली का नाही?"

"मी विचारायचे, मारलं का? ती नाही म्हणायची. खोटं कुठे बोलली? आज शेवटचा फोन, म्हणून विचारलं, आणखी काही?"

काका जिन्याकडे वळले. "पोलीस घेऊन आत्ताच जाऊ."

"नको म्हणतेय. लेक आत्याकडे आहे, येताना तो तिला घेऊन येणार. लेकीशिवाय ती उंबरा ओलांडणार नाही. उद्या शाळेला सुट्टी. तो दुकानात गेला की दोघी आत असतील." ताई थांबल्या. "पण कुलूप उघडणार कोण? इथले सगळे कुलूपवाले त्याच्याच हाताखाली शिकलेत. एकाला विचारलं की त्याला निरोप गेलाच."

"कुलपाला हात कशाला लावायचा?" काका म्हणाले आणि आत गेले.

शेवटच्या बैठकीत निरोप घेणाऱ्याने घराविषयी दोन शब्द बोलायचे असत.

"घर शांत आहे," कुलूपवाला म्हणाला. "नवं कुलूप बसवलंय, सात लिव्हरचं. मी बाहेर असलो तरी घोर नाही."

"म्हणजे वहिनी आत आणि कुलूप बाहेर?" बसड्रायव्हरने विचारलं.

"काळ वाईट आहे."

"आणि आग लागली तर?"

"मी येईपर्यंत कशाला लागेल?"

कुणी हसलं नाही. एरवी काकांनी हे वाक्य तिथेच धरून तासभर सोललं असतं. आज त्यांनी ते जाऊ दिलं. तो इथून रागावून गेला, तर राग जाणार होता त्याच घरी.

"एवढं जड कुलूप म्हणजे दार खाली बसलं असेल," ते म्हणाले. "आत उघडतं की बाहेर?"

"बाहेर."

"आणि बिजागऱ्या?"

"जुन्याच आहेत. बाहेरच्या अंगाला, पार गंजल्या..." जुडगा फिरायचा थांबला. "का हो?"

"सुतार दुसरं काय विचारणार बाबा? न्हाव्याने केस विचारावेत, मी बिजागऱ्या."

कुलूपवाला त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. मग हसला. "या की एकदा. बघून जा."

"येतो."

लेकीला आणायचंय म्हणून तो सगळ्यांच्या आधी उठला. काकांशी हात मिळवला; हात कोरडा होता. निघताना तो दाराशी थबकला, खोलीच्या बिजागरीवरून अंगठा फिरवला, त्याला लागलेलं तेल बघितलं आणि रुमालाला पुसलं. जिन्यावर चाव्या वाजत गेल्या, खालच्या पायरीशी गप्प झाल्या, आणि बऱ्याच वेळाने पुन्हा वाजल्या.

काकांनी बैठक ठरल्या वेळेपर्यंत चालवली. मग घरी जाऊन पिशवीत मोठा पेचकस, पटाशी आणि गंजावर सोडायचं तेल ठेवलं. ताईंनी महिला हवालदाराला फोन केला. ती कुलूपवाल्याच्या गल्लीच्या कोपऱ्यावर थांबणार आहे. ताई स्वतः दुकानासमोर उभ्या राहून शटर वर गेल्याचं कळवतील.

उद्या शाळा बंद आहे. कुलपाचं दुकान रोज दहाला उघडतं.