स्टॅटिन मी दोनदा घेत होतो

"सीपीके अठरा हजार," इस्पितळातल्या डॉक्टर म्हणाल्या आणि अहवाल माझ्याकडे वळवला. सीपीके म्हणजे स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारा घटक. त्याची कमाल मर्यादा दोनशेच्या आसपास छापली होती. माझी सारी नोकरी छावणीच्या लेखा कार्यालयात गेली. मला वाटलं, छपाईची चूक असेल. तसं विचारलंही.

"गलती नहीं है। पेशाब का रंग नहीं देखा आपने?"

पाहिला होता. काळ्या चहासारखा.

निदान झालं रॅब्डोमायोलिसिस. यात स्नायूंच्या पेशी फुटतात, त्यांतला मळ रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. मांड्या आठवडाभर दुखत होत्या. सीपरी बाजारात ऑटोतून उतरताना चालकाने मला धरलं, तरी मी ते वयावर ढकललं होतं. तुम्ही ढकलू नका.

सलाईन सुरू झालं. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन रोज तपासायचे. पडल्या पडल्या मी संशय घेत होतो: आधी औषध कंपनीवर, मग दुकानदारावर, मग सदर बाजारातल्या हृदयाच्या डॉक्टरांवर. त्यांनीच तर गोळी सुरू केली होती.

इस्पितळातल्या डॉक्टरांनी घरातली सगळी औषधं मागवली. सुमनने, माझ्या बायकोने, पिशवी पलंगावर उपडी केली. डॉक्टरांनी दोन पाकिटं बाजूला काढली. एकावर अ‍ॅटोर्वास्टॅटिन, दुसऱ्यावर रोसुवास्टॅटिन.

"दोनों साथ में? ये तो सगे भाई हैं!"

दोन्ही कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिनच. एक सरकारी दवाखान्यातून मिळायची, दुसरी सदर बाजारच्या डॉक्टरांनी दिलेली. मी नावं ताडून पाहिली होती. नाव वेगळं, मिलिग्रॅम वेगळे, म्हणजे काम वेगळं असणार. आणि एका डॉक्टरचा सल्ला दुसऱ्याला सांगायचा नाही, हा माझा नियम. एका तपासनिसाने दुसऱ्याचे आकडे पाहिले की तपासणी खरी राहत नाही, हे आम्ही कार्यालयात शिकलो होतो.

शेजारचे वकील तिवारीजी भेटायला आले. त्या हृदयाच्या डॉक्टरांवर ग्राहक मंचात दावा टाकू म्हणाले. मला पटलं. दोष माझ्या पायांचा नव्हता, कोणाचा तरी होताच.

"बस एक बात," ते सुमनकडे वळले. "भाभीजी, आप साथ थीं। सदर बाजार वाले डॉक्टर ने पूछा नहीं था ना, कि और कौन-सी दवा चल रही है?"

"पूछा था भैया। इन्होंने कहा, कुछ नहीं।"

"याद करके बताइए।"

"याद है, तभी तो बता रही हूँ।" मग माझ्याकडे पाहून मराठीत म्हणाली, "तिथं मी तुम्हाला चिमटा काढला, तेव्हा माझ्यावरच डोळे वटारलेत. आता कोर्टात मला खोटं बोलायला लावता?"

तिवारीजींनी चहा संपवला आणि दाव्याचा विषय पुन्हा काढला नाही.

क्रिएटिनिन उतरलं. मी भिंतीला धरून चालू लागलो. काही महिन्यांनी सदर बाजारच्या त्याच डॉक्टरांकडे गेलो आणि सगळं सांगितलं.

"मुझे भी दवाओं के पर्चे मँगवाकर देखने चाहिए थे," ते म्हणाले.

हृदयासाठी गोळी लागणारच होती. त्यांनी एकच दिली, अगदी कमी मात्रेची. मी धोके विचारले. त्यांनी सांगितले: स्नायू विनाकारण दुखले, लघवी गडद झाली, तर गोळी थांबवून त्याच दिवशी यायचं. सरकारी दवाखान्यालाही मी हे कळवलं. पाकिटातल्या चिठ्ठीवर हे सगळं मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेलं असतं. इतकं बारीक का, हा माझा संशय आजही कायम आहे.

सुमनच्या चिमट्याचे आभार मानायला मला फार उशीर झाला.

नव्या गोळीच्या दुसऱ्याच आठवड्यात मांडी जराशी दुखली. मी लगेच फोन लावला.

"कल किला चढ़े थे क्या?" डॉक्टरांनी विचारलं.

चढलो होतो, आमच्या शहरातला किल्ला. बऱ्याच महिन्यांनी, अगदी वरपर्यंत.

"फिर भी कल सीपीके करा लीजिए," ते म्हणाले. मी हो म्हणालो.