बाबारावांच्या डोक्याचं माप

वडनेरचे बाबाराव बत्तीस वर्षं एसटीचे ड्रायव्हर होते, आणि बत्तीस वर्षांत तक्रार म्हणून त्यांनी एकदाही तोंड उघडलं नाही. त्यांची विंचवाची गोष्ट तर जुने कंडक्टर अजून सांगतात. बाबाराव तेव्हा आर्वी डेपोला होते. रोहण्याहून गाडी परत निघाली आणि क्लचपाशी दडून बसलेल्या विंचवानं पायाला नांगी मारली. दुसरा असता तर गाडी नाल्यात घातली असती. बाबारावांनी विंचू टाचेखाली रगडला, बाजारच्या बायांच्या टोपल्या चढेपर्यंत प्रत्येक थांब्यावर निवांत थांबले, आणि गाडी फलाटाला लावून कंडक्टरला म्हणाले,

"हिशेब जमा करून घे, अन् मंग मले दवाखान्यात नेजो."

"काऊन?"

"इच्चू चावला."

"कवा?"

"रोहणं सोडलं तवा."

असा माणूस. पण बायको देवानं, नाही, नशिबानं म्हणू, बोलकी दिली होती. अन्नपूर्णाबाई दोघांच्या वाटचं एकट्याच बोलायच्या. बाबारावांना ठेच लागली की 'अगं माय वं' त्या म्हणायच्या. दवाखान्यात डॉक्टर यांना विचारणार, सांगणार त्या: "ह्यायले डाव्या अंगानं दुखते, अन् रातच्याले जास्त." यांनी नुसती मान हलवायची. संसार छान चालला होता.

मागच्या चैत्रात अन्नपूर्णाबाई गेल्या. बाबारावांनी सगळं नीट केलं, आल्यागेल्याला चहा विचारला, डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. लोक म्हणाले, धीराचा गडी. सरितालाही पहिल्यांदा तसंच वाटलं. सरिता त्यांची एकुलती एक लेक. समुद्रपूरजवळच्या शाळेत मास्तरीण, बापाजवळ वडनेरलाच राहायची. दिवाळीपर्यंत तिच्या ध्यानात आलं की हा धीर नाही, हे दुसरंच काही आहे. एकदा भाजीत मीठच पडलं नाही. बाबारावांनी ती दोनदा मागून खाल्ली. एकदा दारात बोट चेमटलं, नख काळंनिळं झालं, आणि ते त्या बोटाकडे शेजाऱ्याचं असल्यासारखे पाहत राहिले.

"बाबा, दुखत नाई का?"

"काय मालूम."

जेवायचं म्हटलं की जेवायचे. झोपायचं म्हटलं की झोपायचे. सरिताला रडणारा बाप चालला असता. या बापाचं काय करावं ते तिला कळेना.

अशात शाळेच्या वाटेवर, जाम गावच्या चौकात तिला एक फलक दिसला. हौशी लोकांसाठी कार चालवायच्या शर्यती. पडीक मैदानात चुन्याच्या रेघा मारायच्या, वळणावळणावर लाल कोन मांडायचे, आणि एका वेळी एकानंच आपली घरची गाडी त्यातून फिरवायची. कोन पाडला की वेळ वाढते. कमी वेळ त्याची जीत. सरितानं वडलांचं नाव देऊन टाकलं. बाबाराव म्हणाले, "ठीक." आता तिनं त्यांना विहिरीत उडी घाला म्हटलं असतं तरी ते ठीकच म्हणाले असते.

हेल्मेटाशिवाय प्रवेश नव्हता. बापलेक हिंगणघाटच्या दुकानात गेले. आता आपल्याकडचा माणूस दुपट्ट्याशिवाय घराबाहेर पडतो का? उन्हाळ्यात ऊन लागते म्हणून, हिवाळ्यात वारा लागते म्हणून. डोक्याला तीन वेढे असतातच. आणि वडीलधाऱ्या माणसाला 'दुपट्टा सोडा' कोणी सांगायचं? दुकानदारानं अदबीनं दुपट्ट्यावरूनच टेप फिरवला.

"काका, कुठं दाबते?"

"नाई."

"हे?"

"नाई."

पाच हेल्मेटं झाली. मोठं, लहान, लांबट, गोल, सगळ्यांना एकच उत्तर. शेवटी दुकानदार वैतागून सरिताला म्हणाला, "ताई, काकाचं डोकं भल्लं समजदार आहे, कोणाशीच भांडत नाई." टेपानं सांगितलं ते हेल्मेट घेऊन ते घरी आले.

शर्यतीच्या सकाळी मैदानात एका टेबलाशी पियुष नावाचा पोरगेला इंजिनिअर प्रत्येकाचं हेल्मेट तपासत होता. आयएसआयचा छाप आहे का, कधी पडलं होतं का, पट्टा धड आहे का. बाबाराव पुढं झाले.

"जयभीम काका. दुपट्टा काढा बरं."

"राहू दे."

"नाई जमत काका. मधात कपडा नाई चालत, सरकते."

दुपट्टा निघाला. पियुषनं त्यांच्या डोक्यावर हेल्मेट ठेवून हलवलं, तर बाबाराव समोर पाहत होते आणि हेल्मेट समुद्रपूरकडे पाहत होतं.

"हे काकाच्या मापाचं नाई," पियुष म्हणाला, "दुपट्ट्याच्या मापाचं हाय."

लोक हसले. सरिताचं तोंड उतरलं. पोरगा मात्र चांगला. त्यानं पेटीतून आपलं स्वतःचं हेल्मेट काढलं, खास कारसाठीचं, आतलं अस्तर आगीत पेट न घेणारं. बाबारावांच्या डोक्यावर ते घट्ट बसलं.

"गालाले दाबलंच पायजे, काका. पण एका जागी टोचलं तर सांगजा. टोचलं की ध्यान तिथंच जाते अन् वळण चुकते. दहा मिनिटं घालून बसा. टोचलं तर मले नंबर काटावा लागीन, कारण दुसरं हेल्मेट नाई माह्याजवळ."

बाबाराव प्लास्टिकच्या खुर्चीत बसले. त्यांचा नंबर चौदा. मैदानात अकरावी गाडी धूळ उडवत होती. हेल्मेटात सगळं दूरवर गेलं. भोंगा, टाळ्या, इंजिनं. चैत्रापासून त्यांना सगळं असंच ऐकू येत होतं, त्यामुळे वेगळं काही वाटलं नाही. बारावी गाडी गेली.

मग कपाळावर काहीतरी झालं. पहिल्यांदा त्यांना वाटलं, कोणीतरी बाहेरून बोट लावलं. हात नेला तर बोट कोणाचं नव्हतं. थंडीच्या पहाटे डेपोत गाडी सुरू करायला सेल मारावा, तिनं घरघर करावं आणि बंद पडावं, पुन्हा मारावा, तसं ते टोचणं येत होतं, जात होतं. मग जाईना. तेरावी गाडी निघाली.

पियुष आला. "काका, ठीक ना?"

ठीक हा शब्द बाबारावांच्या जिभेवर बत्तीस वर्षं बसलेला. सरिता बाजूलाच उभी होती. तिला दिसत होतं, ते ठीक म्हणणार आणि जाणार, आणि ती पुन्हा काहीच करू शकणार नव्हती.

"नाई," बाबाराव म्हणाले. "टोचून राह्यलं."

"कुठं?"

त्यांनी हेल्मेट काढलं. कपाळावर मधोमध रुपयाएवढा लाल ठसा. त्यावर बोट ठेवून म्हणाले, "इथं. अन् भल्लं टोचून राह्यलं. असं कसं टोपलं देता बे लोकायले? चेपून मारता का?"

"चुकलं, काका. माफ करजा." पियुषनं चौदा नंबर काटला.

"लय दुखते का, बाबा?" सरितानं विचारलं. तिला पुन्हा ऐकायचं होतं.

"मंग काय खोटं बोलतो का मी?"

जामहून परत येताना गाडी सरिता चालवत होती. बाबारावांचं तोंड थांबलं नाही. तू गिअर टाकते का लाकडं फोडते? ही सीट कोण्या अकलेच्या कांद्यानं बनवली? ऊन डोळ्यावर येते, काच वर कर. आता कोंदटते, खाली कर. हिंगणघाट गेलं. वडनेर लवकर येऊ नये म्हणून सरितानं गाडी तेवढी हळू केली.

"अन् हा गुडघा," ते म्हणाले. "हा बी दुखते. चैत्रापासून."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

बाबारावांनी गुडघ्यावर तळहात ठेवला.

"आज मालूम झालं."