यांच्या जागेवर ठेवलेली सुपारी

लग्नाला वर्ष होत आलं तरी मी जालन्याच्या मस्तगडात सासूजवळ आणि हे मेलबर्नला. आमच्या संसाराचा निकाल गल्लीतल्या बायांनी केव्हाच लावून टाकला होता. नळावर मी दिसले की कुणीतरी विचारायचंच, "आला का गं तुझा व्हिसा?" आणि मी हंडा उचलून वळले की मागून ऐकू यायचं, "कशाचा व्हिसा! तिकडं दुसरीच पाहून राह्यला असंल." मी वाटूरची, उलट उत्तर देण्यात कुणाला हार जाणारी नाही. पण या एका बाबतीत मी मान खाली घालून घर गाठायची.

हे जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यात वेल्डिंग शिकले आणि त्याच हुन्नरावर तिकडे गेले. लग्नाला आले ते मोजक्या रजेवर. आमची एकमेकांशी भीड कुठे चेपते न चेपते तोवर रजा संपली. माझ्यासाठी पार्टनर व्हिसाचा, म्हणजे तिकडे कायम सोबत राहायच्या परवान्याचा, अर्ज केला होता, पण त्याला किती काळ लागेल ते कुणी सांगेना. लग्न खरं आहे याचा पुरावा द्या, असं व्हिसावाले म्हणायचे. फोटो दिले, पत्रं दिली. पण महिनाभरही एकत्र न राहिलेल्या नवरा-बायकोनं आणखी दाखवायचं काय? देवीपुढे दिवा रोज लावत होते. मन मात्र कोरडं पडत चाललं होतं.

आमच्या घरी अंबडच्या मत्स्योदरीचा कुळधर्म असतो, आणि लग्नानंतरचा पहिला कुळधर्म जोडीनंच करायचा असतो. मी सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, हे आल्यावर करू की." त्या म्हणाल्या, "देवी काय त्याच्या रजेची वाट पाहत बसंल व्हय?" आणि माझ्या शेजारच्या पाटावर त्यांनी एक सुपारी ठेवली. माणूस हजर नसला की त्याच्या जागी सुपारी मांडायची, ही घरातली जुनी रीत. मी त्या सुपारीला गंध लावलं, अक्षता वाहिल्या आणि तिच्याशेजारी बसून सगळी पूजा केली. हसूही येत होतं, रडूही येत होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी यांचा फोन आला. मोठ्या व्हिसाचा निकाल लागेपर्यंत व्हिजिटर व्हिसावर तरी येऊन जा, म्हणाले. औरंगाबादच्या एजंटनं मात्र घाबरवून सोडलं. तो म्हणाला, "पार्टनर व्हिसाचा अर्ज केलाय हे बोलूच नका. त्यांना वाटंल ही बाई परत यायची न्हाई. मावशीला भेटायला चालले म्हणा. दारातून परत पाठवलं तर तो अर्जही बिघडंल." मी घरी येऊन आत्याबाईंना सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "नवऱ्याकडं चाललीस न् मावशीचं नाव काहून घेतीस? चोरी केली का तू?"

एजंटला सोडलं. आहे ते सगळं जसंच्या तसं लिहिलं: नवऱ्याला भेटायला जातेय, पार्टनर व्हिसाचा अर्ज केलेला आहे, आणि नवरात्राच्या आधी परत येणार आहे. व्हिसा मिळाला. निघताना आत्याबाईंनी कुळधर्माची ती सुपारी माझ्या रुमालात बांधून दिली आणि म्हणाल्या, "ही त्याच्या हातात दे. त्याची जागा त्याला पोचती कर."

विमानात, उतरण्याआधी, एक कार्ड भरायला देतात. फळ, बी, लाकूड, खायचं काही आणलं आहे का, असं त्यात विचारलेलं होतं. मी रुमालातली सुपारी चाचपली. जालन्यातल्या एका बियाण्याच्या कंपनीत मी काम केलेलं आहे. परक्या मातीतलं बी शेतात येऊ देत नाहीत, का देत नाहीत, हे मला चांगलं ठाऊक होतं. सुपारी म्हणजे बीच. पुढच्या सीटवरची बाई मागे वळून म्हणाली, "कशाला लिहिता? उगाच चौकशी मागे लागेल." तेही खरंच होतं. माझा व्हिसा आधीच नाजूक. लिहावं तर चौकशी, न लिहावं तर खोटं, आणि टाकून द्यावी तर यांची जागा कचऱ्यात.

माझ्या शेजारी एक म्हातारे सरदारजी होते. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांचं कार्ड मीच भरत होते. त्यांच्याकडे घरचं लोणचं होतं. "बाबाजी, अचार का लिखू क्या?" असं मी मोडक्या हिंदीत विचारलं. ते म्हणाले, "बेटी, जो है सो लिख दे. आगे मालिक जाने." एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले आणि खरंच झोपून गेले! मी त्यांच्या कार्डावर लिहिलं, मग माझ्याही कार्डावर लिहिलं. उतरल्यावर गर्दीत ते कुठे गेले ते कळलं नाही. आभार मानायचे राहूनच गेले.

तपासणीच्या टेबलावर एका अधिकारी बाईनं रुमाल सोडला आणि विचारलं, हे काय? मला इंग्रजी लिहिता येतं, पण बोलताना घशात अडकतं. तोंडातून निघून गेलं, "हा माझा नवरा." ती बघतच राहिली. मला बाजूला बसवलं. दुसरा अधिकारी आला, त्यानं पासपोर्ट घेऊन माझी माहिती काढली. त्याला दोन्ही अर्ज दिसले आणि त्याचा चेहरा बदलला. नवरा इथे आहे, मोठा अर्ज अडकलेला आहे, मग तू खरंच परत जाणार का? मी म्हटलं, नवरात्रात घरी घट बसतात, मला जावंच लागतं. त्याला काही ते पटलेलं दिसेना. मी हात जोडले. देवीला मनात एवढंच म्हटलं, आई, माझ्याजवळ होतं ते सगळं मी टेबलावर ठेवलंय. आता तू आणि हे लोक.

त्यानं बाहेर वाट पाहणाऱ्या यांना फोन लावला. फोनचा आवाज मोठा होता, मला ऐकू येत होता. त्यानं इतर काही विचारलं आणि शेवटी म्हणाला, तुमच्या बायकोजवळ एक बी आहे, ते तुम्ही आहात असं ती म्हणते. सुपारीचं मी यांना कधीच सांगितलं नव्हतं, हातात देऊन चकित करायचं ठरवलं होतं. पलीकडून यांचा आवाज आला, आणि तो भरून आलेला होता. ते सांगत होते, "आमच्या घरची पूजा असणार. मी नव्हतो ना, म्हणून ती सुपारी माझ्या जागी ठेवली असणार. माझ्या आईनं दिली असेल."

अधिकाऱ्यानं फोन ठेवला. माझ्याकडे पाहून हसला आणि पासपोर्ट परत दिला. ढीगभर फोटो देऊन जे पटवता येत नव्हतं ते एका सुपारीनं पटवलं. हा चमत्कार होता का, ते मला माहीत नाही. माझी मान त्या दिवशी ताठ झाली, एवढं खरं.

सुपारी मात्र आत नेता येणार नव्हती. तपासणीच्या बाईनं माझी मनापासून माफी मागितली. मीच तिला म्हटलं, आमच्याकडेही असाच नियम असतो. सुपारी कपाळाला लावली आणि माझ्या हातानं डब्यात टाकली. बाहेर हे उभे होते. मी त्यांना पाहून हसायचं सोडून रडायलाच लागले. "आत्याबाईंनी दिलेली तुमची जागा टाकून आले हो!"

यांनी लगेच जालन्याला फोन लावला. आत्याबाई म्हणाल्या, "तो समोर उभा हाये न्हवं? मंग सुपारीचं काम झालं. रडतीस काहून?"

नवरात्राच्या आधी मी परत आले. तिकडे ओळखीच्या काहींनी सुचवलं होतं की राहून जा, काही तरी वाट निघेल. यांनी स्वतःच मला विमानात बसवून दिलं. मस्तगडात रिक्षातून उतरले तेव्हा आत्याबाई ओट्यावर उभ्याच होत्या. साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "नवऱ्याकडं गेल्ती माझी सून. सांगितल्याप्रमाणं आली बी." नळावरच्या बायांनी हंडे उचलले आणि घरचा रस्ता धरला. तो दिवस माझ्या लग्नापेक्षा मोठा होता असं मी म्हटलं तर हे रुसतात.

पुढे दिवाळीनंतर मोठा व्हिसा आला. मला आता एवढंच कळतं की आपल्या मुठीत असेल ते उघडं करून ठेवावं, आणि मग ते घेतलं तरी आणि ठेवलं तरी हात जोडावेत. त्या सरदारजींचं नाव मला माहीत नाही. रोज देवीला नमस्कार करताना एक नमस्कार त्यांना असतो.

आम्ही आता इकडे मेलबर्नलाच असतो. दर वर्षी कुळधर्माच्या दिवशी आत्याबाईंचा फोन येतो. पूजा झाली, नैवेद्य झाला, असं सांगतात, आणि मी न चुकता विचारते, "आम्हाला बसवलंत का?" त्या म्हणतात, "बसवलं की. दोन सुपाऱ्या. शेजारी शेजारी."