आम्हाला तपासणारी मुलगी

समोर पेशंट बसला की ती पायाकडे बघायचीच नाही. आधी त्याचा बूट उचलायची, आत मनगटापर्यंत हात घालायची आणि छताकडे बघत चाचपत राहायची. पेशंट बुचकळ्यात पडायचा. "पाहू द्या नं," ती मराठीतच पुटपुटायची आणि लक्षात आल्यावर तेच इंग्रजीत म्हणायची. एकदा एका बसड्रायव्हरच्या बुटातून तिने प्लास्टिकचं छोटंसं चाक काढलं. त्याच्या नातवाच्या खेळण्यातलं. मधुमेहाने तळपायाची जाणीव गेलेली, त्यामुळे तो बिचारा कितीतरी दिवस त्या चाकावर चालत होता आणि जखम भरत का नाही म्हणून हैराण होता. त्याने ते चाक खिशात घातलं आणि पोट धरून हसला. मग डोळे पुसले.

मी तेव्हा न्यू जर्सीतल्या एका मध्यम हॉस्पिटलात पोडियाट्री विभागाची को-ऑर्डिनेटर होते. पोडियाट्रिस्ट म्हणजे पावलांचे आणि घोट्यांचे डॉक्टर. अमेरिकेत त्यांचं कॉलेज वेगळं असतं आणि कॉलेजनंतर तीन वर्षं रेसिडेन्सी करून शस्त्रक्रिया शिकावी लागते. त्याआधी, शेवटच्या वर्षाला, विद्यार्थी निरनिराळ्या हॉस्पिटलांत महिना महिना काम करून बघतात. ही एक्स्टर्नशिप. त्या महिन्यात आम्ही त्यांना पारखायचं आणि त्यांनी आम्हाला, असं कागदावर असतं. प्रत्यक्षात त्यांची बाजू कोरीच राहते. मुलं डायरेक्टरांच्या विनोदांना हसतात, इस्त्रीचा कोट घालून पुढे पुढे करतात आणि जाताना सगळ्यांना थँक्यू कार्डं देतात. तुम्ही कुठल्याही ऑफिसात काम केलं असेल तर ही मुलं तुम्हाला माहीत आहेत.

ही आली २००४ च्या ऑक्टोबरात. बुटकी, जाड चष्मा, पाठीवर सॅक. माझ्या टेबलावरची नावाची पाटी वाचली आणि म्हणाली, "काकू, तुम्ही पुण्याच्या का?"

मी चाळिशीतही पोचले नव्हते. "काकू कुणाला म्हणतेस गं?" मी म्हटलं.

"मग मॅम म्हणू? ते तर सगळेच म्हणतात."

काकूच राहिले. ती मूळची नागपूरची. वडील टेक्सासात, प्लेनोला, इंजिनिअर म्हणून आले तेव्हा ती शाळेत होती. मराठी तिने तशीच जपली होती, नागपूरच्या 'नं'सकट. रोज दुपारी वडिलांचा फोन यायचा. "जय भीम बाबा, जेवली मी," एवढं म्हणून ती फोन ठेवायची.

पहिल्याच दिवशी तिने मला विचारलं, "मागच्या वर्षी इथून पास झाले ते आता कुठे आहेत? त्यांचे नंबर द्या नं." बाकीची मुलं पार्किंग आणि कॅफेटेरियाचं विचारायची. मी नंबर दिले. तिने खरंच फोन केले.

मग ऑपरेशन थिएटरमध्ये ती कोपऱ्यात उभी राहून सर्जनकडे बघायचं सोडून रेसिडेंटच्या हातांकडे बघू लागली. एका सकाळी तर क्लिनिकच्या वेटिंग रूममध्ये पेशंटांच्या रांगेत जाऊन बसली, पांढरा कोट काढून. शेजारच्या आजीबाईंशी गप्पा मारत, जेवणाच्या सुट्टीपर्यंत. मी तिला बाहेर बोलावलं.

"अगं, तू इथे जागा मागायला आलीस की झडती घ्यायला?"

"दोन्ही. तीन वर्षं द्यायची आहेत काकू. मुलगा पाहायला गेलो तरी घर पाहतोच नं आपण?"

दिवाळीच्या थोडं आधी मी तिला घरी जेवायला बोलावलं. आमच्या ओळखीचे एक काका आले होते, महाराष्ट्र मंडळातले, बोलायला फटकळ. ती काय शिकते हे ऐकून त्यांनी भुवया वर केल्या. "पायाची डॉक्टर? एवढी हुशार आहेस, मग नीट डॉक्टर का नाही झालीस? दिवसभर लोकांचे पाय धरायचे म्हणजे..." पुढचं त्यांनी वाटीतल्या बासुंदीत बुडवलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती मात्र शांतपणे पुरी तोडत म्हणाली, "मी धरते ते कापायला लागू नये म्हणून, काका. तुम्हाला शुगर आहे नं? जेवण झालं की मोजे काढा, पाहू द्या."

आणि तिने पाहिले. दिवाणखान्यात, सगळ्यांसमोर, गालिच्यावर बसून काकांचा पाय मांडीवर घेतला आणि बोटांच्या बेचक्या एकेक तपासल्या. करंगळीशेजारी एक चीर निघाली. काकांना तिचा पत्ताच नव्हता. त्यानंतर ते तिच्याविषयी बोलताना 'आमची डॉक्टर' म्हणू लागले.

आता खरी गोष्ट सांगते. महिन्याच्या शेवटच्या दिवशी डायरेक्टर प्रत्येक विद्यार्थ्याला बोलावत. ते म्हातारे, उंचेपुरे सर्जन. आवाज असा की कॉरिडॉरच्या टोकाला नर्स सरळ उभ्या राहायच्या. शेवटी एक ठरलेला प्रश्न असायचा, आमच्या प्रोग्रॅममध्ये काय सुधारावं? त्याचं उत्तरही ठरलेलं होतं. काही नाही सर, फार छान आहे. मी नोंदी घ्यायला शेजारी बसायचे आणि हे वाक्य न ऐकताच लिहायचे.

ती म्हणाली, "दोन गोष्टी आहेत. तुमच्या रेसिडेंटांना शेवटी टाके घालायला मिळतात, हाडाला हात लावायला मिळत नाही. सर्जन सगळं स्वतःच करतात आणि हे नुसते चिरेच्या कडा ओढून धरून उभे राहतात. इथून पास झालेले दोघं मला फोनवर म्हणाले की पहिलं ऑपरेशन एकट्याने करताना त्यांना सुरी टेकवायचा धीर होईना. आणि क्लिनिकमध्ये उघड्या जखमेचा पेशंट आणि नखं कापायला आलेला पेशंट एकाच रांगेत बसतात. मी बसून पाहिलं."

माझं पेन थांबलं. डायरेक्टरांचा चेहरा मानेपासून लाल होत गेला.

"तुला इथे यायचं आहे की नाही?" त्यांनी विचारलं.

"यायचं आहे. म्हणूनच सांगते. यायचं नसतं तर छान आहे म्हणून गेले असते."

त्यांनी दाराकडे हात केला. ती उठली.

बाहेर आल्यावर मी तिच्यावर चिडले. "काय गरज होती? हे महिनाभराचं सगळं पाण्यात घातलंस." तिने चष्मा पुसायला काढला, तो तिला परत घालता येईना. "चुकलं का काकू?" ती म्हणाली. मी तिला पाणी दिलं. संध्याकाळी ती टेक्सासला गेली. तिथे प्लेनोजवळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात तिची पुढची एक्स्टर्नशिप होती. नवी इमारत, नावाजलेले सर्जन, आणि आईच्या हातचं जेवण.

पुढच्या सोमवारी डायरेक्टर सकाळी क्लिनिकमध्ये आले आणि वेटिंग रूमच्या दाराशी भिंतीला टेकून उभे राहिले. मंगळवारीही आले. त्या आठवड्यात जखमेच्या पेशंटांची रांग वेगळी झाली.

जानेवारीत निवडीची मीटिंग होती. एक सर्जन म्हणाले, मुलगी हुशार आहे, पण डोकेदुखी होईल. डायरेक्टर म्हणाले, "होऊ दे. इतकी वर्षं मी तो प्रश्न विचारतोय. कुणीतरी ऐकला तरी." आणि तिचं नाव आमच्या यादीत सगळ्यांत वर लिहायला सांगितलं.

पण आमच्या लिहिण्याने काय होतं? विद्यार्थीही आपली यादी देतात, आणि दोन्ही याद्या जुळल्या तरच जागा मिळते. ती टेक्सास सोडून आमच्याकडे का येईल? मार्चमध्ये निकाल कॉम्प्युटरवर आला आणि मी खुर्चीतून उठून ओरडलेच. मग तिला फोन लावला.

"तिकडे सगळं नीट होतं, मग इकडे कशाला?"

"तिकडे फार सुंदर कापतात, काकू. पण तुमचे ते ओरडणारे डायरेक्टर स्वतः खाली बसून पट्ट्या बदलतात, पाय वाचावा म्हणून धडपडतात. ते मला तिकडे नाही दिसलं. बाकीचं काय, शिकवता येतं."

"कुणाला?"

"सर्जनलोकांना," ती म्हणाली आणि हसली.

तिने ते केलंही. पहिल्या वर्षी थिएटरमध्ये ती प्रत्येक सर्जनला आधीच विचारायची, "आज मी कोणता भाग करू?" ज्या सर्जनने तिला डोकेदुखी म्हटलं होतं, त्याने कितीतरी महिने तिला फक्त कडा धरायला लावल्या. ती न चुकता विचारत राहिली. एके दिवशी त्याने वैतागून सुरी तिच्या हातात दिली. ऑपरेशन संपल्यावर तो माझ्या टेबलाशी आला. "तुझी पुतणी बरी आहे," एवढंच म्हणाला. ती माझी पुतणी नाही, हे मी काही त्याला सांगितलं नाही.

तिच्या शेवटच्या वर्षी आमच्या प्रोग्रॅमची मान्यता तपासायला बाहेरून पथक आलं. ते रेसिडेंटांशी बंद दाराआड बोलतात, आम्हाला आत बसू देत नाहीत. मान्यता गेली तर प्रोग्रॅम बंद. ती आत गेली आणि डायरेक्टर कॉरिडॉरमध्ये येरझारा घालू लागले. इतकी वर्षं मी त्यांना कशालाही घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

"काय सांगेल ती?" त्यांनी मला विचारलं.

"जे आहे ते," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

पथकाच्या प्रमुख बाईंनी समारोपाला सांगितलं की रेसिडेंट प्रोग्रॅमविषयी भरभरून बोलले. मात्र एकीने स्वतःहून एक उणीव दाखवली. घोट्याच्या मोडलेल्या हाडांचे पेशंट इथे कमी येतात, आणि त्यासाठी शेजारच्या हॉस्पिटलात रेसिडेंट पाठवायची बोलणी आम्ही सुरू केली आहेत, असंही तिने सांगितलं. "स्वतःच्या उणिवा अशा ठाऊक असलेला प्रोग्रॅम क्वचित बघायला मिळतो," बाई म्हणाल्या. मान्यता कायम राहिली. डायरेक्टरांनी टेबलाखाली माझा हात इतका जोरात दाबला की बांगडी रुतली.

निरोपाच्या जेवणाला तिचे आईवडील प्लेनोहून आले. वडील नव्या सुटात, ताठ. डायरेक्टर त्यांना म्हणाले, "तुमच्या मुलीने आम्हाला परीक्षेला बसवलं."

"आम्ही तर घरी रोजच बसतो," वडील म्हणाले. सगळे हसले. आईने पदराआडून वडिलांच्या हातात रुमाल दिला.

तिला आम्ही राहण्याचा आग्रह केला. तिने टेक्सासातलंच एक लहान गाव निवडलं, जिथे आसपास पायांचा सर्जनच नव्हता. २००८ च्या जूनअखेरीला, एका सकाळी, तिने गाडी भरली. कुणालाही निरोप द्यायला कधी खाली न येणारे डायरेक्टर तिचं पुस्तकांचं खोकं स्वतः उचलून पार्किंगमध्ये घेऊन आले. ती वाकून त्यांच्या पाया पडली. त्यांना काही समजेना, त्यांनी खोकं घेऊनच मागे पाऊल टाकलं. मग माझ्याकडे आली आणि मिठी मारून म्हणाली, "येते काकू."

गाडी गेटबाहेर वळली. "चला, क्लिनिक सुरू झालं असेल," डायरेक्टर म्हणाले.

"हो," मी म्हटलं.

आम्ही दोघंही तिथेच उभे होतो.