बांधापलीकडचे उंडे

ही हकिकत मी नऊ वर्षं टाळत आलो. कुणी विषय काढला की सोयाबीनच्या भावाचं काहीतरी बोलून निसटायचो. पण एका परक्या मुलीच्या नावावर मी चिकटवलेलं खोटं गावात अजून फिरतं आहे. ते मीच खोडावं, आणि डोळे मिटायच्या आत खोडावं, म्हणून हे लिहितो.

ती आयर्लंडहून आली होती. एका संस्थेमार्फत, आमच्या शाळेत वर्षभर बिनपगारी इंग्रजी शिकवायला. आमचं गाव कळंबपासून एसटीनं अर्ध्या तासावर. शाळा समितीचा अध्यक्ष मी, म्हणून तिला आमच्या माडीवरची खोली दिली. वर्गात ती कशी शिकवायची ते पोरांना विचारा. मी पाहिली ती शाळा सुटल्यावरची.

तिची पहिली भाकरी तव्यावर जाईपर्यंत तीन ठिकाणी फाटली. बायको म्हणाली, "राहू दे बाई, नकाशा झाला." तिनं तोच नकाशा खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा परातीपुढं बसली. दिवाळीपर्यंत तिच्या भाकरीला पापुद्रा सुटू लागला.

रविवारी ती बायांबरोबर खुरपायला जायची. ओढणी कमरेला खोचून सगळ्यांसारखी पिकातली एक पात, म्हणजे ओळ, धरायची.

"बाई, तुमच्या देशात तण न्हाय का?" एकीनं विचारलं.

"लई हाय. पण तिथं मी कधी वाकले न्हाय."

बाया हसून हसून खाली बसल्या.

बाजाराच्या दिवशी ती कळंबला जायची ती गावाची कामं घेऊन. कुणाचा चष्मा दुरुस्तीला, कुणाच्या बीपीच्या गोळ्या, कुणाला शिलाईच्या दोऱ्याचं एक विशिष्ट हिरवं रीळ. रीळ चुकलं तर पुढच्या बाजाराला बदलून आणायची. येताना एसटीत जागा मिळाली तरी ती कुणा म्हातारीला देऊन दांडीला धरून उभी राहायची. मला ती 'आबा' म्हणायची. माझ्या स्वतःच्या मुलांनी माझं जेवढं ऐकून घेतलं नाही, तेवढं तिनं ओट्यावर बसून ऐकलं.

मी तिला येळवस सांगितली तीही त्याच ओट्यावर. थंडीतल्या त्या अमावास्येला आमच्या भागात गावोगाव कुलपं दिसतात, कारण सगळे शेतात असतात. कडब्याच्या पेंढ्यांची खोप करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडून पुजायचे, आणि मग शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उकडलेले गोळे म्हणजे उंडे, मडक्यातली ताकाची गार आंबील. त्या दिवशी रस्त्यानं जाणाऱ्यालाही हाक मारून जेवू घालतात. मी तिला म्हणालो, "आज कुणी उपाशी जायचं नाही, आणि कुणाच्या ताटाला नाही म्हणायचं नाही." हे मीच सांगितलं होतं.

एक मात्र सांगितलं नव्हतं. आमच्या शेताला लागून धाकट्या भावाचं शेत. बांध नांगराच्या दोन तासांइतका सरकवला म्हणून आमचं भांडण झालं होतं आणि सात वर्षं आमच्या घरातल्या कुणी तो बांध ओलांडला नव्हता.

येळवशीच्या दुपारी माझ्या खोपीपाशी वीसेक माणसं जेवत होती. तिनं आंबिलीचा तांब्या भरून घेतला आणि शेजारच्या शेतांत वाढत निघाली. थोड्या वेळानं माझा साडू मोठ्यानं म्हणाला, "बघा, तुमची पाहुणी बांध ओलांडून गेली! सात वर्सांत तुम्हाला जमलं न्हाय ते तिनं तांब्याभर आंबिलीत केलं."

सगळे हसले. माझं डोकं तापलं.

ती परत आली तेव्हा तिच्या हातात फडक्यानं झाकलेली ताटली होती. "आबा, बांधापलीकडच्या काकूंनी उंडे दिले. खास तुमच्यासाठी."

मी ताटली घेतली आणि चारही उंडे बैलांपुढं टाकले. भरल्या पंगतीत, येळवशीच्या दिवशी.

"पाहुणीनं पाहुणीसारखं राहावं," मी म्हणालो.

तिनं रिकामी ताटली उचलली, ओढणीनं पुसली आणि परत द्यायला बांधाकडं गेली.

दुसऱ्या दिवशी मी हेडमास्तरांना निरोप दिला की घरी पाहुणे येणार, माडी लागेल. पाहुणे कुणी येणार नव्हते. तिनं कळंबला खोली घेतली. रोज सकाळच्या एसटीनं येऊन उन्हाळ्यापर्यंत शिकवलं आणि गेली. आमच्या दारावरून जाताना रोज हात जोडायची. आमची माडी सोडून का गेली म्हणून गावानं विचारलं तेव्हा मी म्हणालो, "आपलं तिखट तिला सोसवेना." ते गावाला आवडलं. आजही कुणाचं पोट बिघडलं की पारावर म्हणतात, गोऱ्या बाईसारखं झालं. बायकोला खरं ठाऊक होतं. तिनं मला तोंडावर कधी काही विचारलं नाही.

दोन वर्षांनी येळवशीलाच भाऊ माझ्या खोपीपाशी आला. हातात आंबिलीचा तांब्या.

"दादा, त्या साली तुम्ही आमचे उंडे खाल्ले. बाईंनी ताटली आणून दिली तवा सांगितलं, आबांनी चारही खाल्ले, लई आवडले म्हणाले. तुम्ही एवढं केलंत, मग म्या कशाला अडून बसू?"

मी तांब्या तोंडाला लावला, म्हणजे बोलावं लागणार नाही. त्या दिवसापासून आम्ही बोलतो, त्याची नातवंडं माझ्या अंगणात खेळतात. मी तिच्याविषयी खोटं बोललो ते माझी अब्रू झाकायला. तीही खोटं बोलली, माझ्यासाठीच. भाऊ हे वाचेल तेव्हा त्याला कळेल की उंडे बैलांनी खाल्ले.

बायको दर येळवशीला तिला मोबाईलवर खोप दाखवते. यंदा मी सकाळपासून वाक्य घोकत होतो: पोरी, मी चुकलो, तुझ्याविषयी गावात खोटं बोललो. बायकोनं फोन माझ्या हातात दिला. जाड स्वेटरमध्ये ती हसत होती.

"आबा, आंबील कुठाय?"

"जेवलीस का?" माझ्या तोंडून निघालं.

"आबा, इथं आत्ता सकाळ हाय."

"मग जेवून घे," मी म्हणालो, आणि फोन बायकोकडं दिला.