तुळशीपाशी ठेवलेला पांढरा दगड

प्रिय मिहिर आणि रेवा,

शेजारच्या सईचा आजचा चेहरा डोळ्यांसमोर ताजा आहे, तोवर तुम्हाला लिहून ठेवते.

सोळा वर्षांची सई नुकतीच स्कूबा डायव्हिंगची परीक्षा पास झाली. तेव्हापासून ती समुद्राखेरीज काही बोलत नाही. "आज्ये, खाली फक्त आपलो श्वास आयकाक येता," ती सांगते. "आणि घरात आवशीची हाक आयकाक येणा नाय," तिची आई कुंपणापलीकडून म्हणते.

परवा ती आमच्या तुळशीपाशी थबकली. तिथे एक पांढरा, जाळीदार दगड आहे. माझ्या वडिलांनी किनाऱ्यावरच्या खडपांतून आणलेला. अंगणात असे दगड मांडायची आमच्याकडे पद्धतच होती. सईने तो दोन्ही हातांनी उचलला.

"आज्ये, ह्यो धोंडो न्हय. प्रवाळ. ह्यो जितो होतो."

इतकी वर्षं तुळशीबरोबर मी त्यालाही पाणी घालत आले होते. तो कुठून आणला, ते मी तिला सांगितलं. तिथे आता काही जिवंत उरलं असेल का, हे दोघींनाही ठाऊक नव्हतं.

आज ती तिच्या डायव्हिंगच्या सरांबरोबर तिथे पाण्यात उतरली. मी छत्री घेऊन वाळूत बसले. त्या काळ्या खडपांकडे बघत मी म्हातारी झाले, पण त्यांच्याखाली काय आहे, हा विचार कधी मनात आला नव्हता. सई निथळत वर आली, ती थेट माझ्यापाशी. मग माझा हात धरून म्हणाली, "आसा, आज्ये. माझ्यापेक्षा मोठा आसा."

खडपाखालचं प्रवाळ अजून जिवंत आहे.

तुमची आजी